अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल : चढाईच्या व्यूहांचा तौलनिक विचार

फुटबॉल म्हटला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पायानें टोलविलेला गोल चेंडू, दोन गोलखांब आणि पावसाळ्यांतील चिखलानें भरलेलें मैदान उभें राहतें. अमेरिकेंतील महाविद्यालयांत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्याचें या खेळाशीं नातें चुलतभावाचें आहे, आणि तेंहि बरेंच दूरचें. त्यांतील चेंडू लांबट असून दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुतेक वेळां हातांत धरून पळवितात किंवा हातानेंच फेंकतात. लाथेचा उपयोग क्वचित् प्रसंगींच होतो. मग नांव फुटबॉल कां, असें एखादा चौकस मुलगा विचारील. ता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांत रटगर्स व प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांमध्यें जो पहिला सामना झाला, व जो रटगर्सनें ६ विरुद्ध ४ असा जिंकला, तो बराचसा पायांनींच खेळला गेला होता, आणि एकेका बाजूस पंचवीस पंचवीस गडी होते. पुढें खेळ बदलत गेला, नांव मात्र जुनेंच राहिलें.

अकरा माणसांस मैदानावर कोठें उभें करावें, या एकाच प्रश्नावर या खेळांत जेवढा विचार झाला आहे तेवढा दुसऱ्या मैदानी खेळांत क्वचितच झाला असेल. चक्रव्यूह, गरुडव्यूह हीं नांवें आमच्या मुलांस महाभारतांतून परिचयाचीं आहेत. येथें तसे व्यूह एका सामन्यांत शेंकडों वेळां रचले व मोडले जातात. म्हणून हा खेळ आपल्याकडे खेळला जात नसला तरी त्याचें मर्म समजून घेणें मनोरंजक होईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम नियमांची जुजबी ओळख. मैदान शंभर यार्ड लांब व सुमारें त्रेपन्न यार्ड रुंद असतें. दोन्ही टोकांस आणखी दहा दहा यार्डांची एक पट्टी असते. ज्याच्या हातीं चेंडू त्या पक्षास आपण चढाईचा पक्ष म्हणूं, दुसऱ्यास बचावाचा. चढाईच्या पक्षास चार खेपा मिळतात. चार खेपांत मिळून दहा यार्ड पुढें सरकलें कीं नव्या चार खेपा. न सरकलें तर चेंडू दुसऱ्यांकडे. चेंडू पलीकडच्या पट्टींत नेला म्हणजे सहा गुण मिळतात; यास टचडाऊन म्हणतात. प्रत्येक खेपेच्या आरंभीं दोन्ही पक्ष समोरासमोर रेषेवर ओणवे होऊन उभे राहतात आणि मधला गडी, म्हणजे सेंटर, आपल्या पायांमधून चेंडू मागें देतो. चेंडूवाला पडला कीं खेप संपली. आपल्या फुटबॉलांत खेळ ओढ्यासारखा वाहात असतो. येथें तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा थांबत थांबत चढतो. या थांबण्यांतच व्यूहाचा जन्म आहे. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅंप यांच्या आग्रहानें १८८० सालीं गड्यांची संख्या पंधरावरून अकरावर आली व चेंडू मागें देऊन खेप सुरू करण्याचा प्रघात पडला. चार खेपांची व दहा यार्डांची आजची अट मात्र १९१२ सालापासूनची आहे.

आतां एक लहानसें गणित. दोन्ही पक्षांचे गडी अकरा अकरा. चढाई करणाऱ्यांपैकीं एकाच्या हातांत चेंडू असतो, तेव्हां प्रतिपक्षास अडविण्यास उरले दहा. अकरांस दहांनीं अडवावयाचें, म्हणजे बचावाचा एक गडी नेहमींच मोकळा राहणार, आणि तोच येऊन चेंडूवाल्यास लोळविणार. आमच्या मतें चढाईच्या व्यूहांचा सारा इतिहास म्हणजे या एका मोकळ्या गड्याचें काय करावें याचा इतिहास होय. कोणी त्यास जमावाच्या भारानें चिरडलें; कोणी त्यास फसविलें; कोणी त्याच्यावरच निर्णयाचा बोजा टाकला; आणि कोणी त्यास मैदानाच्या अशा कोपऱ्यांत नेऊन उभें केलें कीं तो असून नसल्यासारखा झाला. वाचकांनीं हें गणित ध्यानांत धरलें तर पुढील विवेचन सुगम होईल.

चिरडण्याचा मार्ग सर्वांत आधीं निघाला. १८९२ सालीं हार्वर्ड व येल यांच्या सामन्यांत, दुसऱ्या अर्ध्याच्या प्रारंभीं, हार्वर्डचे गडी दोन तुकड्यांनीं वीस-पंचवीस यार्डांवरून धांवत आले, चेंडूपाशीं एकत्र मिळाले आणि त्यांची एक पाचर तयार झाली. पाचरीच्या पोटांत चेंडूवाला सुरक्षित होता, व तिचें टोंक येलच्या एकाच गड्यावर रोखलेलें होतें. ही युक्ति लॉरिन डेलंड या गृहस्थांची. त्यांनीं स्वत: हा खेळ कधीं खेळला नव्हता; ते बुद्धिबळाचे शोकी व नेपोलियनच्या लढायांचे अभ्यासक होते. शत्रूच्या एका बिंदूवर आपलें सारें बळ एकवटावें, हें तत्त्व त्यांनीं रणांगणावरून मैदानावर आणलें. हार्वर्डनें तो सामना ६ विरुद्ध शून्य असा गमावला, तरी ही 'उडती पाचर' पाहतां पाहतां सर्वत्र पसरली. तिच्याखालीं सांपडणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करवत नाहीं. १८९४ सालीं तिजवर बंदी आली.

तथापि पाचर गेली तरी तिची वृत्ति गेली नाहीं. एकमेकांस खेटून, हातांत हात गुंफून, पांच यार्डांसाठीं गर्दी करून घुसण्याची रीत पुढें दहा-पंधरा वर्षें चालू होती. १९०५ सालच्या एका मोसमांत अठरा-एकोणीस खेळाडू प्राणांस मुकले असें तत्कालीन वृत्तपत्रांनीं नोंदविलें, आणि त्यांत शाळकरी मुलेंहि होतीं. जे पालक हें वाचीत असतील त्यांस त्या घरांतील दु:खाचें वर्णन करून सांगण्याची जरूरी नाहीं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्या वर्षीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्याविषयीं सांगितलें. कोलंबिया विद्यापीठानें तर फुटबॉल बंदच केला. खेळ राहतो कीं जातो असा प्रसंग होता. १९०६ सालीं नियम बदलले: तीन खेपांत पांचांऐवजीं दहा यार्डांची अट झाली, दोन रांगांमध्यें चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवण्याचें ठरलें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे चेंडू हातानें पुढें फेंकण्यास प्रथमच परवानगी मिळाली. १९१० सालीं आणखी एक कलम आलें, तें असें कीं, चढाईच्या पक्षाचे निदान सात गडी रेषेवर असलेच पाहिजेत, आणि परस्परांस धरून घुसण्यास मनाई. म्हणजे व्यूहरचनाकारांस मागच्या बाजूस खेळविण्यासाठीं चारच मोहरीं उरलीं. यापुढील सगळ्या करामती या चार मोहऱ्यांच्या आहेत, आणि त्यांचें मूळ मुलांचे जीव वांचविण्यासाठीं केलेल्या नियमांत आहे.

त्या चौकटींत विचारपूर्वक बसविलेला पहिला थोर व्यूह पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील कार्लाइल येथील शाळेंत वाढला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांस त्या काळीं इंडियन म्हणत त्यांच्या, मुलांसाठीं १८७९ सालीं ही शाळा निघाली होती. मुलांस घरादारांपासून दूर आणून त्यांची भाषा, पोषाख व चालीरीति विसरावयास लावणें हा तिचा उद्देश होता. त्याचें समर्थन आज कोणीहि करणार नाहीं. परंतु त्याच शाळेच्या मुलांनीं मैदानावर मोठमोठ्या विद्यापीठांस बुद्धीचा खेळ कसा असतो तें दाखविलें. त्यांचे गडी वजनानें हलके असत, संख्येनें थोडे असत. त्यांचे शिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्यांस सारे प्रेमानें 'पॉप' म्हणत, यांनीं ताकदीची उणीव वेगानें व कल्पनेनें भरून काढण्याचें ठरविलें. (कल्पना कधीं कधीं खट्याळपणाकडे झुके. १९०३ सालीं हार्वर्डविरुद्ध एका गड्याच्या सदऱ्यांत पाठीमागून चेंडू लपविला गेला, आणि हार्वर्डचे गडी तो शोधीत असतां हा थेट पलीकडच्या पट्टींत जाऊन पोहोंचला! सामना मात्र हार्वर्डनेंच १२ विरुद्ध ११ असा जिंकला.)

वॉर्नर यांचा एकपंखी व्यूह असा: रेषेवरील सात गडी समसमान न वांटतां एका बाजूस, समजा उजवीकडे, अधिक ठेवावयाचे. मागच्या चौघांपैकीं एक त्याच उजव्या टोकाच्या बाहेर पंखासारखा उभा राहतो. दुसरा रेषेच्या जवळ, अडविण्याच्या कामासाठीं. उरलेले दोघे सेंटरच्या मागें चार-पांच यार्डांवर. सेंटर चेंडू थेट या मागच्या दोघांपैकीं एकास देतो. त्यांतील मुख्य गड्यास टेलबॅक म्हणत. त्यास धांवतां आलें पाहिजे, फेंकतां आलें पाहिजे आणि लाथहि मारतां आली पाहिजे. चेंडू त्याच्या हातीं येतांच पंखाचा गडी व त्याचा शेजारी मिळून प्रतिपक्षाच्या एका भक्कम गड्यास दोन बाजूंनीं दाबतात, रेषेवरील एखादा गडी आपली जागा सोडून उजवीकडे धांवत येतो, आणि त्या एका दारापुढें चढाईचे लोक बचावाच्या लोकांपेक्षां संख्येनें अधिक होतात. डेलंड यांचेंच तत्त्व, पण अंगावर अंग घालून नव्हे, तर वेळ साधून. मोकळा गडी कोठेंतरी राहतोच. तो डाव्या बाजूस, जेथें कांहींच घडत नाहीं, तेथें राहावा एवढीच खटपट.

ता. ९ नोव्हेंबर १९१२ रोजीं कार्लाइलचा संघ वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाशीं खेळला. ज्या सैन्यानें आपल्या वाडवडिलांशीं लढाया केल्या त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर उभे आहेत, हें कार्लाइलच्या मुलांस सांगावें लागत नव्हतें. वूंडेड नीच्या हत्याकांडास त्या वेळीं पुरतीं बावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. टेलबॅकच्या जागीं होता जिम थॉर्प, त्याच उन्हाळ्यांत स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें मिळवून आलेला. वेस्ट पॉइंटच्या संघांत पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते. कार्लाइलनें २७ विरुद्ध ६ असा विजय मिळविला.

एकपंखी व्यूहाचें राज्य यानंतर तीस वर्षें टिकलें. त्याच्या वैगुण्याकडे डोळेझांक करतां येत नाहीं. पंख ज्या बाजूस, घाव बहुधा त्याच बाजूस, हें प्रतिपक्ष उभ्या उभ्याच ओळखतो. शिवाय अडविणाऱ्यांस जमण्यास वेळ लागतो, आणि सर्व भिस्त एका टेलबॅकवर. तो लंगडला कीं व्यूह लंगडला.

नोटर डेम विद्यापीठाचे नूट रॉक्नी यांनीं त्यावर एक उपाय केला. विद्यार्थिदशेंत १९१३ सालीं हेच रॉक्नी गस डोरे याच्या फेंकी झेलून वेस्ट पॉइंटच्या ३५ विरुद्ध १३ अशा पराभवास कारण झाले होते. शिक्षक झाल्यावर त्यांनीं गड्यांस प्रथम एका आकारांत उभें करून, मग ठेक्यावर एकदम सरकवून चौकोनी आकार देण्याची पद्धत रूढ केली. प्रतिपक्ष नवी मांडणी ओळखतो न ओळखतो तोंच चेंडू निघे. इतका फायदा अन्यायाचा आहे असें पुढें नियमकारांस वाटलें, आणि सरकल्यानंतर सर्वांनीं एक सेकंद स्तब्ध राहिलें पाहिजे असा दंडक घालण्यांत आला. ता. १ जानेवारी १९२५ रोजीं रोझ बोल या सामन्यांत रॉक्नींची गांठ खुद्द वॉर्नर यांच्याशीं पडली. वॉर्नर तेव्हां स्टॅनफर्डला होते. नोटर डेमनें २७ विरुद्ध १० असा जय मिळविला. परंतु या निकालावरून चौकोन पंखापेक्षां श्रेष्ठ असें अनुमान काढणें आम्हांस धाडसाचें वाटतें. कारण एल्मर लेडन यानें स्टॅनफर्डच्या दोन फेंकी मध्येंच झेलून त्यांवर दोन टचडाऊन केले, आणि तें काम व्यूहाचें नव्हतें, डोळ्यांचें होतें.

आतां १९३९ सालाकडे वळूं. त्या वर्षीं शिकागो विद्यापीठाचा संघ मिशिगनकडून ८५ विरुद्ध शून्य असा हरला, आणि मोसम संपतांच विद्यापीठानें फुटबॉलच बंद केला. त्या संघाचे शिक्षक क्लार्क शॉनेसी यांस स्टॅनफर्डनें नेमलें तेव्हां लोकांनीं आश्चर्यानें तोंडांत बोटें घातलीं असतील. स्टॅनफर्डनेंहि त्या वर्षीं नऊ सामन्यांत एकच जिंकला होता. शॉनेसी यांनीं टी नांवाचा एक फार जुना व्यूह पेटींतून काढून नव्यानें शिवला. त्यांत क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदीं पाठीशीं उभा राहून हातोहात चेंडू घेतो. त्याच्या मागें तिघे एका ओळींत. वरून पाहिल्यास इंग्रजी टी अक्षराचा आकार दिसतो. रेषेवरील गडी दोन्ही बाजूंस सारखे. म्हणजे चेंडू कोणीकडे जाणार याची सूचना मांडणींतून मिळत नाहीं. क्वार्टरबॅक पाठ फिरवून चेंडू एकास देतो, दुसऱ्यास दिल्यासारखें करतो. एखादा गडी खेपेच्या आधींच आडवा धांवत सुटतो व प्रतिपक्षाचे डोळे आपल्याबरोबर ओढून नेतो. फट पडते ती क्षणभरच, पण धांवणारा त्या क्षणींच तेथें असतो. त्यामुळें प्रतिपक्षास बराच वेळ दाबून धरण्याचें कारण उरत नाहीं. नुसता धक्का पुरतो.

येथें आमच्या गणिताचा एक चमत्कार पाहण्यासारखा आहे. टीमध्यें क्वार्टरबॅकनें चेंडू दुसऱ्यास दिला कीं तो स्वत: बहुधा रिकामा राहतो, कोणास अडवीत नाहीं. म्हणजे अकरांपुढें दहाऐवजीं नऊच उरले! कागदावर हा व्यूह एकपंखीहून वाईट ठरतो. तरीहि तो यशस्वी झाला, कारण फसलेला गडी न अडवितांच अडविला जातो. स्टॅनफर्डच्या फ्रँकी अल्बर्टचेंच उदाहरण घ्या. टेलबॅक म्हणून त्याची धांव सामान्य. पण त्याचे हात चपळ, फेंक नेमकी व डोकें थंड. जुन्या व्यूहांत जो अपुरा होता तो नव्यांत अचूक बसला. १९४० सालीं तेंच स्टॅनफर्ड सर्व सामने जिंकलें, व ता. १ जानेवारी १९४१ रोजीं रोझ बोलमध्यें त्यानें नेब्रास्कास २१ विरुद्ध १३ असें हरविलें. त्याच डिसेंबरांत व्यावसायिक खेळांतहि शॉनेसी यांचा सल्ला घेणाऱ्या शिकागो बेअर्स संघानें टी वापरून वॉशिंग्टनचा ७३ विरुद्ध शून्य असा फडशा पाडला. मग काय, थोड्याच वर्षांत बहुतेक विद्यापीठांनीं पंख मिटून टी पत्करला.

परंतु तो रिकामा क्वार्टरबॅक कांहीं जणांच्या डोळ्यांत खुपत होता. मिसूरी विद्यापीठाचे डॉन फरॉट बास्केटबॉलहि खेळलेले होते. त्या खेळांत दोघे एकावर चालून गेले म्हणजे काय होतें तें आमच्या मुलांस ठाऊक आहे: एकटा राखणारा ज्याच्याकडे वळेल त्याच्याकडून चेंडू दुसऱ्याकडे जातो. १९४१ सालीं फरॉट यांनीं हीच गोष्ट फुटबॉलांत आणली. रेषेवरील गड्यांमध्यें अंतर वाढविलें, आणि प्रतिपक्षाच्या टोंकाच्या गड्यास मुद्दाम कोणीच अडवावयाचें नाहीं असें ठरविलें. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन रेषेलगत त्याच्या अंगावर धांवतो, व बाजूनें सोबती धांवतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू सोबत्याकडे. सोबत्याकडे वळला तर क्वार्टरबॅक आंत घुसतो. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्यापुढें दोघे उभे राहिले असतां त्याची जी तारांबळ होते तीच ही. इतके दिवस जो मोकळा गडी चढाईचा शत्रु होता तोच आतां तिचा हिशेब जुळवून देऊं लागला! आमच्या मतें या खेळाच्या साऱ्या इतिहासांत याहून सुंदर कल्पना दुसरी नाहीं. बड विल्किन्सन हे युद्धकाळांत फरॉट यांच्या हाताखालीं ती शिकले, व त्यांच्या ओक्लाहोमा संघानें १९५३ पासून १९५७ पर्यंत सतत सत्तेचाळीस सामने जिंकले. ही माळ शेवटीं नोटर डेमनें ७ विरुद्ध शून्य अशी तोडली.

टेक्सस विद्यापीठांत १९६८ सालीं एमरी बेलार्ड व मुख्य शिक्षक डॅरेल रॉयल यांनीं ही कल्पना दुप्पट केली. क्वार्टरबॅकच्या पाठीमागें अगदीं जवळ एक दांडगा गडी, व त्याच्या मागें डावीउजवीकडे दोघे. आकार पाखराच्या छातींतील दुबेळक्या हाडासारखा, म्हणून नांव विशबोन. येथें बचावाचे दोन गडी न अडवितां सोडलेले असतात. पहिल्याकडे पाहून क्वार्टरबॅक ठरवितो कीं चेंडू दांडग्याच्या पोटाशीं द्यावा कीं ओढून घ्यावा. ओढून घेतला तर दुसऱ्याकडे पाहून ठरवितो कीं स्वत: धांवावें कीं बाहेरच्या सोबत्याकडे टाकावा. हे दोन्ही निर्णय दोन-तीन पावलांत व्हावयाचे. ज्या दोघांस अडवावयाचें नाहीं त्यांच्या वांट्याचे दोन गडी दुसरीकडे कामास येतात, आणि गणित प्रथमच चढाईच्या बाजूनें झुकतें. आरंभ चांगला झाला नाहीं. पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसरा हरला. त्यानंतर मात्र ओळीनें तीस जिंकले. त्यांतील ता. ६ डिसेंबर १९६९ चा आर्कन्सासविरुद्धचा सामना तर अध्यक्ष निक्सन यांच्या डोळ्यांदेखत झाला. शेवटच्या चतुर्थांशाच्या आरंभीं टेक्सस १४ गुणांनीं मागें होतें. पुढें चौथी खेप, तीन यार्ड हवे. सारे मैदान धांवेची वाट पाहात असतां रॉयल यांनीं लांब फेंक सांगितली, आणि जेम्स स्ट्रीटची चव्वेचाळीस यार्डांची ती फेंक रँडी पेशेल यानें झेलली. टेक्सस १५ विरुद्ध १४ असें जिंकलें. धांवण्यासाठीं बांधलेल्या व्यूहानें आपला सर्वांत प्रसिद्ध सामना फेंकीवर वांचवावा, ही मोठी मौज आहे. आणि त्यांत त्या व्यूहाचें वर्महि उघड होतें: गुणांत मागें पडलें व वेळ थोडा उरला, म्हणजे दर खेपेस चार-पांच यार्ड देणारा हा हिशेबी सावकार उपयोगी पडत नाहीं.

फेंकीवर सारा भर देणाऱ्या व्यूहांची परंपरा वेगळी आहे, आणि तींत आमच्या मतें विशेष उद्बोधक आहे ती एअर रेड. १९८९ सालीं आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयांत हॅल मम्मी व त्यांचे साहाय्यक माइक लीच यांनीं तिचा पाया घातला. लीच हे कायद्याचे पदवीधर. महाविद्यालयांत फुटबॉल खेळलेलेहि नव्हते. त्यांचें म्हणणें सरळ होतें. मैदान त्रेपन्न यार्ड रुंद आहे, तर त्याची सगळी रुंदी वापरावी. चार-पांच झेलणारे दोन्ही बाजूंस दूर दूर पसरावेत, रेषेवरील गड्यांमध्येंहि वाजवीपेक्षां अधिक अंतर ठेवावें, क्वार्टरबॅकनें मागें उभें राहून चेंडू घ्यावा. बचावास पसरावें लागतें, आणि पसरलेला बचाव कोठेंतरी विरळ होतोच. डाव मोजकेच, पण रोजच्या सरावांत ते इतक्या वेळां घोटावयाचे कीं क्वार्टरबॅकचा हात विचाराच्या आधीं चालावा. हीं कवायतीचीं पुस्तकें जाडजूड असलींच पाहिजेत हा समज लीच यांनीं खोटा ठरविला. टेक्सस टेक येथें त्यांच्याकडे नामांकित खेळाडू फारसे येत नसत, तरी ता. १ नोव्हेंबर २००८ रोजीं त्यांच्या संघानें टेक्ससच्या बलाढ्य संघास ३९ विरुद्ध ३३ असें नमविलें. शेवटचा टचडाऊन ग्रॅहम हॅरलच्या फेंकीवर मायकेल क्रॅबट्रीनें केला, तेव्हां घड्याळांत एक सेकंद उरला होता. लीच २०२२ सालीं वारले.

पसरलेल्या मांडणींतहि फरॉट यांचें गणित पुन: शिरलें, हें येथें सांगून टाकतों. रिच रॉड्रिगेझ यांनीं १९९० नंतरच्या दशकांत अशी योजना केली कीं, क्वार्टरबॅकनें मागें उभें राहून चेंडू घ्यावा, एका टोंकाच्या गड्यास मोकळा सोडावा, व त्याच्या हालचालीवरून चेंडू सोबत्यास द्यावा कीं स्वत: पळवावा तें ठरवावें. आज बहुतेक मोठ्या संघांच्या खेळांत ही युक्ति कोणत्याना कोणत्या स्वरूपांत दिसते.

मग श्रेष्ठ कोण? या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देणारा माणूस बहुधा आपल्याच महाविद्यालयाचा कैवारी असतो. काळाच्या उपयोगावरून पाहिलें तर दोन टोकें ठळक दिसतात. ऑरेगॉनचा संघ चिप केली यांच्या हाताखालीं २००९ ते २०१२ या वर्षांत दोन खेपांमधील विसांवा जवळजवळ घेतच नसे. प्रतिपक्षास दम खाऊं न देणें हेंच त्याचें शस्त्र. उलट ता. ३० डिसेंबर २००४ रोजीं न्यू मेक्सिकोविरुद्ध नौदल विद्यालयाच्या संघानें एकाच चढाईंत सव्वीस खेपा घेतल्या, चौऱ्याण्णव यार्ड मजल केली, आणि त्यांत घड्याळाचीं चौदा मिनिटें सव्वीस सेकंद घालविलीं. सामन्याचा एक चतुर्थांश पंधरा मिनिटांचा असतो! इतकें करून अखेर मिळाले लाथेनें केलेल्या गोलाचे तीन गुण. पण तेवढा वेळ न्यू मेक्सिकोचा चढाईचा संघ बाजूस उभा राहून पाहात होता, आणि ज्याच्या हातीं चेंडू नाहीं त्याची थोरवी काय कामाची? नौदलानें तो सामना ३४ विरुद्ध १९ असा जिंकला.

लष्करी व नौदल विद्यालयांनीं धांवेचा हा जुना मार्ग अद्याप धरून ठेवला आहे, याचें कारण कोणास हट्ट वाटेल. आम्हांस तो शहाणपणा वाटतो. त्यांचे विद्यार्थी पुढें अधिकारी व्हावयाचे. तीनशें पौंडांचे धिप्पाड गडी त्यांस गोळा करतां येत नाहींत. ज्यास अडवितां येत नाहीं त्यास न अडवितांच खेळावयाचें, ही फरॉट यांची विद्या त्यांच्या कामाची आहे. शिवाय प्रतिपक्षास असला खेळ वर्षांतून एखादेवेळींच भेटतो व त्याच्या तयारीस आठवडाच मिळतो. २०१८ च्या डिसेंबरांत लष्करी विद्यालयानें ह्यूस्टनचा ७० विरुद्ध १४ असा पराभव केला. कमरेखालीं अडविण्यावर २०२२ सालीं जे निर्बंध आले त्यांनीं या पद्धतीचा एक हात बांधला, तरी २०२४ च्या मोसमांत त्याच संघानें बारा सामने जिंकले. एअर रेडचा व यांचा खेळ दिसण्यांत दोन ध्रुवांइतका निराळा आहे. पण दोन्हींचा जन्म एकाच अडचणींतून झाला, ती म्हणजे समोरचे आपणांहून मोठे व बळकट आहेत. कार्लाइलची अडचणहि हीच होती.

एकपंखी व्यूह मेला असें १९५० नंतर सर्वांनीं धरून चालावयास हरकत नव्हती; प्रिन्स्टनसारखीं एक-दोन विद्यापीठें तेवढीं १९६० नंतरच्या दशकांतहि तो चालवीत होतीं. नंतर २००६-०७ च्या सुमारास आर्कन्सास विद्यापीठानें क्वार्टरबॅकला बाजूस काढून चेंडू थेट आपल्या वेगवान डॅरेन मॅकफॅडनकडे देण्यास सुरुवात केली. तेथील एक शिक्षक ती कल्पना घेऊन व्यावसायिक खेळांत मायामीच्या संघाकडे गेले. त्या संघानें आदल्या वर्षीं सोळा सामन्यांत एकच जिंकला होता. २००८ च्या सप्टेंबरांत न्यू इंग्लंडसारख्या बलवान् संघापुढें त्यानें हा डाव सहा वेळां टाकला, त्यांत चार टचडाऊन झाले, आणि सामना ३८ विरुद्ध १३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीं सर्वत्र या 'नव्या' शोधाची चर्चा होती. त्या सहा खेपांत सेंटरनें चेंडू पायांमधून थेट चार-पांच यार्ड मागें उभ्या असलेल्या धांवपटूकडे दिला होता, आणि रेषेच्या एका बाजूस नेहमीपेक्षां अधिक गडी उभे होते.